लहानपणचे पेट्झ पुन्हा पाळायला घेताना

प्रश्न असा आहे: "शाळेत असताना पेट्झ ४ मध्ये मांजरं पाळायचे. मधे वीसेक वर्षं गेली. परवा जुन्या हार्ड डिस्कवर पाळलेल्या प्राण्यांचं अख्खं फोल्डर सापडलं. बाकीचे दिसतात, पण माझं सगळ्यात लाडकं मांजर खेळात येतच नाही. हा खेळ खेळणारं आता कुणी उरलंय का? तेव्हा काही जण स्वतःच्या जाती बनवायचे, ते मला शिकायचंय. चित्रं काढता येतात, प्रोग्रॅमिंग येत नाही. माझ्या मैत्रिणीचं लहानपण निओपेट्सवर गेलं, तिलाही परतायचंय. आणि या वयात यात वेळ घालवणं बालिश आहे का?"

पेट्झ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर कुत्रीमांजरं पाळण्याचा खेळ, आणि निओपेट्स म्हणजे वेबसाइटवर प्राणी पाळण्याचा. आधी थोडक्यात सांगते. हो, खेळणारे आहेत आणि नव्या जाती अजून बनतात. चित्र काढणाऱ्या हाताला हे काम प्रोग्रॅमिंग येणाऱ्यापेक्षा लवकर जमतं. तुमचं मांजर बहुतेक शाबूत आहे, फक्त त्याच्या जातीची फाइल हरवली असणार. मी बरीच वर्षं पेट्झसाठी जाती बनवते आणि नव्यांना शिकवते, त्यामुळे आता सविस्तर.

पेट्झ काढणारी पीएफ मॅजिक ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. तिने १९९५ मध्ये डॉग्झ काढला, १९९६ मध्ये कॅट्झ. पिल्लं होण्याची सोय १९९८ च्या पेट्झ ३ मध्ये आली, १९९९ मध्ये पेट्झ ४ आला, आणि हक्क युबीसॉफ्टकडे गेल्यावर २००२ मध्ये पेट्झ ५. या घराण्यातला तो शेवटचा. पुढे हेच नाव निन्टेंडो डीएससारख्या यंत्रांवरच्या कितीतरी खेळांना लावलं गेलं, पण त्यांचा आपल्या या प्राण्यांशी काहीही संबंध नाही. जुनी प्रत विकत घेणार असाल तर वेष्टनावरचं नुसतं नाव बघून पैसे देऊ नका, आवृत्ती आणि साल बघा.

म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ कंपनीकडून या कुत्र्यामांजरांसाठी काहीही नवीन आलेलं नाही. तरी जाती, कपडे, खेळणी, पार्श्वभूमीची दृश्यं येत राहिली, ती खेळणाऱ्यांनीच बनवली म्हणून. एवढंच काय, आजच्या विंडोजवर हा खेळ नीट चालतो तोही त्यांच्याच दुरुस्त्यांच्या जिवावर. परत येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगते: लहानपण परत मिळवायला येऊ नका, काहीतरी बनवायला या. नुसत्या आठवणीपोटी आलेली माणसं थोड्याच दिवसांत निघून जातात, कारण खेळ तोच असतो आणि त्यातली नवलाई तेव्हाच संपलेली असते. ज्यांनी एक कान जरी स्वतःच्या हाताने बदलला ती टिकतात.

पण बनवण्याच्या आधी जे आहे ते वाचवा. सापडलेलं फोल्डर आहे तसं दोन वेगळ्या जागी उतरवून ठेवा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवरच करा. 'अडॉप्टेड पेट्झ' या फोल्डरमध्ये प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र फाइल असते. त्याचं नाव, वय, स्वभाव, रूप, आईवडील सगळं तिच्यात असतं. खेळ चालू असताना प्राणी बाहेर आला की ही फाइल पुन्हा लिहिली जाते, म्हणून मूळ प्रत खेळाच्या हाती कधीच देऊ नये. प्राण्यांबरोबर 'रिसोर्स' फोल्डरही उचला. त्यात कुत्र्यांच्या, मांजरांच्या जाती, खेळणी आणि कपडे असतात, आणि तुम्ही त्या काळी उतरवून घेतलेल्या परक्या जाती असतील तर त्याही तिथेच. बहुतेकांना हे फोल्डर बिनमहत्त्वाचं वाटतं. खरं तर पुष्कळदा दुर्मीळ ऐवज तिथेच सापडतो, कारण बनवणाऱ्याची वेबसाइट कधीच बंद झालेली असते. लोकांना फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा पेट्झची कितीतरी पानं एका फटक्यात गेली. एखाद्या जातीची शेवटची प्रत कुणाच्या तरी जुन्या डिस्कवरच उरली असण्याची शक्यता खरोखर असते.

सीडी असेल तर तिची आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब प्रत असलेली एक फाइल, आजच करून ठेवा. खेळ बसवताना दोन अडचणी येतात. जुन्या काळातले इन्स्टॉलर पुष्कळदा १६-बिटचे असतात आणि ६४-बिट विंडोज ते चालवतच नाही. अशा वेळी चालू असलेल्या संगणकावरून अख्खं फोल्डर उचलून आणलं किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) बसवलं की काम होतं. दुसरी अडचण रंगांची. हे खेळ २५६ रंगांच्या पडद्यासाठी लिहिलेले आहेत, त्यामुळे नव्या पडद्यावर रंग विचित्र दिसले तर फाइल बिघडली असं समजून घाबरू नका, विंडोजच्या कंपॅटिबिलिटी सेटिंगमध्ये (जुने प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीत) जा. यापुढच्या बारीकसारीक गोष्टी समुदायात कुणीही पाच मिनिटांत सांगेल.

सुरक्षिततेबद्दल मात्र पाच मिनिटं जास्तच घेते. पेट्झच्या जातीची फाइल ही नुसती चित्राची फाइल नसते. तिच्या नावापुढे 'कॅट' किंवा 'डॉग' लिहिलेलं असलं तरी आतून ती विंडोजची डीएलएल असते, म्हणजे चालू शकणारा प्रोग्रॅम. अनोळखी संचातून शेकडो जाती एकदम उतरवून घेणं ही वाईट सवय आहे. बनवणारा ओळखीचा असावा, निदान ज्याच्याकडून घेताय तो तरी ओळखीचा असावा, आणि प्रत्येक फाइल अँटिव्हायरसखालून जाऊ द्यावी.

आता बनवण्याकडे. हाच या छंदाचा गाभा आहे.

पेट्झचं मांजर चित्रांच्या चौकटींनी बनलेलं नाही, गोळ्यांनी बनलेलं आहे. पीएफ मॅजिकने १९९४ मध्ये गोळ्यागोळ्यांच्या पात्रांचा एक मारामारीचा खेळ काढला होता. तीच कल्पना पुढे या प्राण्यांच्या अंगात आली. कुत्रा असो वा मांजर, मूळ गोळे ६७, क्रमांक ० ते ६६. डोकं, गाल, नाक, बुबुळं, छाती, पंजे, शेपटीचे पेर, प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला. दोन गोळ्यांच्या मधे रेषा ओढल्या की मान, पाय, शेपूट सलग दिसतात. प्राणी कसा चालतो, लोळतो, जांभई देतो हे खेळाने ठरवलेलं असतं आणि ते सगळं या गोळ्यांच्या हालचालीत असतं. त्यामुळे तुम्ही रूप कितीही बदललं तरी चाल मांजराचीच राहते. म्हणूनच लोकांनी या मांजरांमधून घोडे, कोल्हे, ड्रॅगन काढले आणि तेही जिवंत वाटतात.

हे सगळं जातीच्या फाइलमधल्या एका साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. त्याला एलएनझेड म्हणतात. उघडल्यावर चौकोनी कंसातली शीर्षकं आणि त्यांच्याखाली आकड्यांच्या ओळी दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे रुक्ष वाटतं, पण 'बॉल्झ इन्फो' या विभागातली एकच ओळ समजून घेतली की बाकीचं उलगडतं. प्रत्येक ओळ म्हणजे एक गोळा. पहिला आकडा रंगाचा, दुसरा कडेच्या रेषेच्या रंगाचा. पुढच्या आकड्यांत असतो फझ, म्हणजे कड किती विस्कटलेली, केसाळ दिसावी. पुढे कडेची जाडी, गोळ्याचा आकार किती वाढवायचा वा घटवायचा, तो गोळा कोणत्या गटातला, आणि त्यावर कोणतं टेक्श्चर, म्हणजे पोताचं चित्र, चढवायचं. रंग नावाने लिहीत नाहीत, ० ते २५५ मधल्या क्रमांकाने लिहितात. रंगपट छापून टेबलावर ठेवा, निम्मं काम सोपं होतं.

सुरुवात अशी करा. खेळातली एखादी साधी जात घ्या, तिची प्रत काढा. 'इअर एक्स्टेन्शन' या विभागातला आकडा थोडासा वाढवा, जतन करा, खेळात आणा. कान लांबले? आता फझ बदला आणि त्याच मांजराकडे बघा: आकडा लहान असताना कातडं गुळगुळीत, वाढवला की थंडीत फुललेल्या मांजरासारखं. चित्रकार म्हणून इथे तुम्हाला मजा येईल, कारण रेषेच्या कडेचं काम तुम्हाला आधीपासून माहीत आहे. त्यानंतर 'पेंट बॉल्झ'. हे गोळ्याच्या पृष्ठभागावर मारलेले ठिपके. कोणत्या गोळ्यावर, किती मोठा, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या रंगाचा, एवढं सांगायचं असतं. पाठीवरचे पट्टे, कपाळावरचं चंद्रकोरीसारखं पांढरं, पंज्यांचे मोजे, हे सगळं यातच होतं. चांगली ठिपक्यांची नक्षी आणि घाईची नक्षी यांतला फरक एका गोष्टीवरून कळतो: प्राणी वळल्यावर पट्टा एका गोळ्यावरून दुसऱ्यावर जाताना तुटतो की नाही. त्यासाठी शेजारच्या दोन्ही गोळ्यांवर एकमेकांना भिडणारे ठिपके मारावे लागतात आणि प्राण्याला गोल फिरवून बघावं लागतं. कागदावर एका बाजूने काढलेलं चित्र इथे पुरत नाही.

मग येतात जास्तीचे गोळे, 'अ‍ॅड बॉल'. त्यांची मोजणी ६७ पासून सुरू होते. शिंगं, आयाळ, पंख, गळ्यातली घंटा, सगळं यांनी. असा प्रत्येक गोळा एका मूळ गोळ्याला टांगलेला असतो आणि त्याच्यापासून तीन दिशांना किती अंतरावर आहे ते आकड्यांनी लिहायचं. कोणत्या गोळ्याला टांगायचं, इथेच कस लागतो. पंख छातीच्या गोळ्याला टांगले तर प्राणी बसताना ते शरीराबरोबर राहतात. खांद्याला टांगले तर प्रत्येक पावलाला हलतात, आणि ते कधी सुंदर दिसतं, कधी विचित्र. म्हणून नवी जात बनली की तिचं एक छायाचित्र घेऊन ती पूर्ण झाली असं मानू नका. तिला चालू द्या, पाणी पिऊ द्या, झोपू द्या, घाबरू द्या. झोपेत अंगाची गुंडाळी होते तेव्हा शिंग पोटातून आरपार गेलेलं दिसेल, तेव्हा परत आकड्यांकडे या.

दोन गोष्टी नवे लोक विसरतात. पहिली, जातीच्या फाइलमध्ये मोठ्या प्राण्याचं एलएनझेड वेगळं आणि पिल्लाचं वेगळं असतं. फक्त मोठ्याचं बदललं तर पिल्लू मूळ जातीचंच दिसतं आणि वाढता वाढता एकाएकी कुणी दुसराच होतो. दुसरी, प्रत्येक जातीला स्वतःचा ओळखक्रमांक लागतो. दोन जातींचा क्रमांक एक झाला की खेळ गोंधळतो, कधी बंद पडतो. समुदायात क्रमांक नोंदवण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे, ती पाळा. पूर्वी हे सगळं हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा कच्चा मजकूर आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अक्षर अक्षर मोजून करावं लागे, फाइलचं नवं नावही जुन्याइतक्याच अक्षरांचं शोधावं लागे. या कामाला हेक्सिंग म्हणतात ते त्यामुळे. आता त्यासाठी एलएनझेड प्रोसारखी साधनं आहेत आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

आकड्यांचा कंटाळा आला तर निर्मितीचा दुसरा रस्ता प्रजननाचा आहे, आणि मला तो हेक्सिंगइतकाच कलात्मक वाटतो. दोन जातींचं पिल्लू एकाचे कान, दुसऱ्याची शेपूट, कुठून तरी तिसऱ्या पिढीतला ठिपका असं घेऊन येतं. डोळ्यांसमोर एक रूप ठेवून पिढ्यान्‌पिढ्या जोड्या निवडत त्या रूपापर्यंत पोहोचणारी माणसं आहेत. त्यांच्या वंशावळीच्या नोंदी वाचण्यासारख्या असतात. तुम्ही असं काही सुरू केलंत तर पहिल्या जोडीपासून लिहून ठेवा, नंतर जुळवता येत नाही.

समुदायाच्या चालीरीती आता स्पष्ट सांगते, कारण वीस वर्षांनी परतलेल्याला त्या कुणी नीट सांगत नाही. दुसऱ्याची जात बदलून स्वतःची म्हणून इतरांना देऊ नये हे तर उघड आहे. त्यापुढे: कुणाची जात बदलायची तर विचारून, कुणाचे ठिपके किंवा टेक्श्चर वापरले तर नाव लिहून. प्राण्याचं रूप प्रजननातून आलं की त्या एका प्राण्याच्या फाइलमध्ये थेट आकडे बदलून आलं, हे खरं सांगावं. या दुसऱ्या प्रकाराला ब्रेक्स म्हणतात. तो मुळीच वाईट नाही, पण जिथे प्राण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे दोन्हींची गल्लत केलेली कुणालाच खपत नाही. दत्तक घेतलेला प्राणी परस्पर तिसऱ्याला देऊ नये.

अवघड प्रश्न उरतो तो बेपत्ता निर्मात्यांचा. पान बंद, ईमेल बंद, परवानगी विचारायची कुणाला? माझं मत ठाम आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, त्यांचं जुनं पान शोधा, नियमांचं पान बहुधा सापडतं. त्यांनी वाटायला मनाई लिहिली असेल तर ती आजही लागू आहे. माणूस निघून गेला म्हणून त्याचं काम बेवारस होत नाही. मनाई नसेल तर नावासकट, फाइल न बदलता, ती जपून ठेवणं आणि मागणाऱ्याला देणं मला योग्य वाटतं. काही जणांना एवढंही मान्य नाही, आणि त्यांच्या मताचा मी आदर करते.

मैत्रिणीसाठी. निओपेट्स नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालं, २००५ मध्ये व्हायाकॉमने ते १६ कोटी डॉलरला घेतलं, २०१४ मध्ये जंपस्टार्टकडे गेलं आणि २०२३ पासून ते पुन्हा स्वतंत्र आहे. तिचं जुनं खातं बहुधा अजून तिथेच असेल, फक्त नोंदवलेला ईमेल चालू हवा. पहिलं काम पासवर्डचं: २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली होती, म्हणून तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदलावा. काही जुने खेळ उघडले नाहीत तर कारण फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं जुनं तंत्र. अडोबीने २०२० संपताना त्याचा आधार काढून घेतला, रफल नावाच्या साधनाने त्यातले बरेच पुन्हा चालतात. तिच्या प्राण्याचं रूप बदललेलं दिसलं तर धक्का बसेल. २००७ मध्ये कपडे घालता यावेत म्हणून बहुतेक सगळ्यांना नव्या सरळ ठेवणीत बसवलं गेलं, आणि तेव्हा जुन्या रूपात राहिलेले प्राणी आजही लोक शोधत असतात. मी तिला त्या शोधात न पडता लिहायला सांगेन. निओपियन टाइम्स हे तिथलं वृत्तपत्र खेळणाऱ्यांच्याच गोष्टींनी, लेखांनी आणि चित्रकथांनी भरत आलंय, आणि प्राण्याच्या स्वतःच्या पानावर एचटीएमएल शिकलेली एक अख्खी पिढी आहे.

तिला प्राण्याच्या आत काय चाललंय त्याचं कुतूहल असेल तर क्रिएचर्स हा खेळ बघू द्या. स्टीव्ह ग्रँड यांनी १९९६ मध्ये त्यात नॉर्न नावाचे जीव बनवले. त्यांना जनुकं आहेत, अंगात रसायनं आहेत, शिकणारं न्यूरल नेटवर्क आहे. या मालिकेतले खेळ जीओजी या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आजही मिळतात. तिथलं काम पेट्झपेक्षा जास्त प्रोग्रॅमिंगकडे झुकतं.

बालिश आहे का, याचं उत्तर मला फार लांबवायचं नाही. ज्यांनी हे प्राणी बनवले ती मोठी माणसं होती आणि त्यांनी हे काम मनापासून केलं. पेट्झवर काम केलेले अँड्र्यू स्टर्न पुढे २००५ च्या 'फसाड' या संवादनाट्याचे सहनिर्माते झाले. आपुलकी वाटेल असं पात्र संगणकात कसं उभं करायचं, हाच प्रश्न ते तेव्हाही सोडवत होते. तुम्ही आकडे बदलून गोळ्यांमधून एक चेहरा काढणार आहात. हे शिल्पकाम आहे, त्याला वयाची अट कसली?

आता तुमचं न दिसणारं मांजर. खेळ प्राण्याची फाइल वाचताना त्याच्या जातीची फाइल शोधतो, आणि ती 'रिसोर्स'मध्ये नसेल तर प्राण्याला बाहेर आणतच नाही. तुमच्या मांजराच्या फाइलची प्रत हेक्स एडिटरमध्ये उघडा, काहीही बदलू नका, फक्त 'रिसोर्स' हा शब्द इंग्रजीत शोधा. तिथे जातीच्या फाइलचा पत्ता आणि तिचं नाव लिहिलेलं दिसेल. आधी ते नाव जुन्या डिस्कवर सगळीकडे शोधा, झिप फाइल्सच्या आतसुद्धा, कारण उतरवून घेतलेल्या जाती पुष्कळदा तिथेच राहून जातात. नाही सापडली तर समुदायात विचारताना तीन गोष्टी द्या: फाइलचं अचूक नाव, तुम्ही साधारण कोणत्या साली ती घेतली, आणि मांजर दिसायला कसं होतं. चित्र काढता येतं म्हणालात, तर आठवणीतून काढून जोडा. जुन्या जाती ओळखणारी माणसं फाइलच्या नावापेक्षा ठिपक्यांवरून लवकर ओळखतात.